हिंदी महासागराचा तळ पुठ्ठ्यात: उठावाच्या मॉडेलच्या कामाच्या नोंदी

काम: हिंदी महासागराच्या तळाचं थरांचं उठावाचं (उंचसखलपणा दाखवणारं) मॉडेल. सामान: १ आणि २ मिमीचा ग्रेबोर्ड पुठ्ठा, १२ मिमीची प्लायची पाटी, पीव्हीए गोंद, चपडा, अ‍ॅक्रिलिक रंग. आकडेवारी जेब्को या समुद्राच्या खोलीच्या जागतिक संग्रहाची, प्रक्रिया क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि जीडीएएल (नकाशांच्या फाइल हाताळणारी साधनं) यांत, कापणी लेझरवर. भूपट्ट कसे सरकतात हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल, ते इथे नाही. मॉडेल करताना काय बिघडतं आणि ते कसं सावरायचं, तेवढंच लिहिलं आहे.

५ जानेवारी: व्याप्ती आणि प्रमाण

व्याप्ती ३०° उत्तर ते ४०° दक्षिण, ४०° ते १२०° पूर्व. एवढ्यात समुद्रतळावरची कार्ल्सबर्ग रांग, मध्य हिंदी रांग, आग्नेय आणि नैर्ऋत्य रांगांचे मोठे भाग, नव्वद पूर्व रांग, चागोस-लक्षद्वीप रांग, जावा गर्ता आणि सिंधू व बंगालचे गाळपंखे (नद्यांनी समुद्रतळावर पसरलेला गाळ) येतात. ४०° दक्षिणेच्या खाली गेलं तर केर्गेलेन पठारही येतं, पण पाटी फार मोठी होते. सोडलं.

आडवं प्रमाण १ : १,००,००,०००. म्हणजे १ मिमी = १० किमी. हिशोब तोंडी होतो, हा मोठा फायदा.

प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट मांडण्याची पद्धत) लॅम्बर्ट समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ खरं ठेवणारं, मध्य ५° दक्षिण, ८०° पूर्व. मर्केटर घेऊ नका. ४०° अक्षांशावर मर्केटरमध्ये लांबी ३० टक्के आणि क्षेत्रफळ ७० टक्के फुगतं, म्हणजे नैर्ऋत्य रांग आहे त्यापेक्षा भलतीच भारदस्त दिसते. समक्षेत्र प्रक्षेपणात मॉडेल मधोमध साधारण ८७ × ७७ सेंमी येतं. कडा वक्र राहतात आणि खालचे दोन कोपरे जास्त रिकामे पडतात. पाटी ९५ × ८५ सेंमी घेतली.

उभं प्रमाण १ मिमी = २५० मी, म्हणजे उभी अतिशयोक्ती ४० पट. अतिशयोक्ती नको म्हणणाऱ्यांसाठी: याच आडव्या प्रमाणात ७,००० मीटरची गर्ता ०.७ मिमी भरते. रंगाच्या दोन हातांत बुजेल. पण ४० पटीची किंमतही आहे. खंडान्त उतार सरासरी ४ अंशांच्या आसपास असतो, तो मॉडेलवर ७० अंशांचा कडा होतो. पाहणारा हमखास म्हणणार, 'इथे समुद्रात भिंत आहे का?' म्हणून '४० पट' हे शीर्षकाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहायचं, कोपऱ्यातल्या टिपेत नाही.

८ जानेवारी: आकडेवारी उतरवणं

जेब्कोचं ग्रिड (चौकटींचं जाळं) १५ विकला, म्हणजे अंशाच्या २४० व्या भागाच्या, अंतराचं, विषुववृत्तावर सुमारे ४६० मीटरची एक चौकट. आपल्या व्याप्तीत १९,२०० × १६,८०० चौकटी, म्हणजे ३२ कोटींहून जास्त. १६ बिटमध्ये फाइल सुमारे ६४५ एमबी. मॉडेलवर ही चौकट ०.०४६ मिमीची होते, लेझरच्या कापापेक्षाही बारीक. म्हणून प्रक्षेपण बदलतानाच ५ किमीच्या चौकटीत आणलं, म्हणजे मॉडेलवर ०.५ मिमी. पुनर्नमुन्याची (लहान चौकटींतून मोठीचा आकडा काढण्याची) पद्धत 'सरासरी' ठेवली. 'जवळची चौकट' ठेवली तर नमुना योगायोगाने पर्वताच्या माथ्यावर किंवा बाजूच्या घळीत पडतो आणि सगळीकडे ठिपके उठतात.

पहिल्या फाइलमध्ये चारही कोपऱ्यांत जमीन उगवली. कारण साधं आहे. प्रक्षेपण बदलल्यावर रिकाम्या राहिलेल्या चौकटींत जीडीएएल शून्य भरतं, आणि या आकडेवारीत शून्य म्हणजे समुद्रसपाटी. वार्प (प्रक्षेपण बदल) करतानाच रिक्त मूल्य −३२७६८ द्यावं लागतं. ते दिल्यावर कोपरे मोकळे झाले. मात्र यानंतर कुठलीही गुळगुळीत करणारी क्रिया रिक्त मूल्य ओळखते का, ते तपासा. नाही ओळखलं, तर आता कडेला ३२ किलोमीटर खोल खंदक तयार होतो.

खोली धन आकड्यात बदलून घेण्याचा मोह टाळा. उंची ऋणच राहू द्या. एकदा चिन्ह फिरवलं की पुढे प्रत्येक 'पेक्षा जास्त' उलटं वाचावं लागतं, आणि कधीतरी एक थर उलटा कापला जातोच.

११ जानेवारी: कुठे मोजलंय, कुठे अंदाज

जेब्कोबरोबर टीआयडी नावाचं दुसरं ग्रिड मिळतं. ते उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्येक चौकटीतली खोली कुठून आली, त्याचा संकेतांक त्यात असतो. १० म्हणजे सिंगलबीम (जहाजावरून ध्वनीच्या एका झोताने मोजलेलं), ११ मल्टिबीम (अनेक झोतांनी एकदम रुंद पट्टा मोजलेला), ४० म्हणजे उपग्रहाच्या गुरुत्व नोंदींवरून काढलेला अंदाज, ४१ म्हणजे मधल्या जागेत गणिताने केलेली भरती. जगाच्या सागरतळाचा सुमारे चौथा भाग आधुनिक पद्धतीने प्रत्यक्ष मोजलेला आहे. बाकी बहुतेक ठिकाणी ४० हाच आकडा दिसतो.

मॉडेलला याचा त्रास असा: मोजलेल्या पट्ट्यात बारीक टेकड्या दिसतात, शेजारी सगळं गुळगुळीत. पाहणाऱ्याला वाटतं, तळ खरंच तसा आहे. आग्नेय कोपऱ्यात हे ठळक दिसतं. बेपत्ता एमएच-३७० विमानाच्या शोधासाठी २०१४ पासून तिथे मल्टिबीमने सर्वेक्षण झालं, पहिल्या टप्प्यात सुमारे २.७९ लाख चौ. किमी. मॉडेलवर हा पट्टा जेमतेम २८ चौ. सेंमीचा, पण मूळ ग्रिडमध्ये डोळ्यांत भरतो. ब्रोकन रिज आणि तिच्या दक्षिणेचा डायमंटिना कडा तिथे जितका स्पष्ट आहे, तितकं बाकीच्या बेसिनमध्ये काहीच नाही.

५ किमीच्या सरासरीने हा फरक बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. ठरवलं असं: आकार आहे तसा ठेवायचा आणि बाजूला तळहाताएवढा छोटा नकाशा लावायचा, मोजलेलं काळं, अंदाजाचं पांढरं. बहुतेक नकाशा पांढराच राहतो. राहू दे.

१५ जानेवारी: थरांच्या पातळ्या

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. घाई करू नका.

सरळ ५०० मीटरच्या अंतराने समखोली रेषा काढून पाहिल्या. ०, ५००, १,०००, असं करत ७,००० पर्यंत. पडद्यावर छान दिसलं. मॉडेल म्हणून टाकाऊ. भूखंडमंचाच्या कडेपासून ३,००० मीटरपर्यंतच्या सहा रेषा खंडान्त उतारावर ५ ते १० मिमीच्या पट्ट्यात एकमेकींना चिकटल्या. म्हणजे पुठ्ठा, कापणी आणि मेहनत यांतला मोठा वाटा एका उताराला गेला. उलट पर्वतरांगेच्या माथ्यापासून सागरी मैदानापर्यंत, साधारण २,५०० ते ५,००० मीटर, जिथे सगळा भूपट्टांचा इतिहास आहे, तिथे शेकडो किलोमीटर रुंदीला फक्त पाच पायऱ्या. सागरी मैदानाचा उतार हजारात एकापेक्षाही कमी असतो. तिथे १ मिमीचा थरही फार मोठा पडतो.

म्हणून पातळ्या असमान ठेवल्या, पण प्रत्येक थराची जाडी खोलीच्या फरकाइतकीच. हे चुकवू नका. असमान पातळ्यांना एकाच जाडीचा पुठ्ठा लावला, तर उभं प्रमाणच खोटं होतं.

वरून खाली: ० (जाडी १ मिमी), −२५० (३ मिमी), −१,००० (४), −२,००० (२), −२,५०० (२). मग −३,००० पासून −४,७५० पर्यंत दर २५० मीटरला १ मिमी, असे आठ थर. त्याखाली −५,०००, −५,५००, −६,०००, −६,५०० प्रत्येकी २ मिमी. त्याखाली पाटीचा पृष्ठभाग, −७,०००. एकूण सतरा पातळ्या, २८ मिमी. ३ मिमीसाठी २ + १, ४ मिमीसाठी २ + २ चिकटवायचे.

एक तडजोड: −२५० चा थर प्रत्यक्षात −२०० च्या रेषेवर कापला. भूखंडमंचाची कड बहुतेक ठिकाणी २०० मीटरच्या आत असते, आणि मंच दिसणं ५० मीटरच्या अचूकतेपेक्षा महत्त्वाचं आहे. १ मिमी पुठ्ठ्यात तो फरक ०.२ मिमीचा होतो.

१९ जानेवारी: रेषांचे तुकडे

जीडीएएलच्या समोच्च रेषा साधनात बहुभुजाचा पर्याय आहे. तो दोन पातळ्यांमधला पट्टा देतो. थरांच्या मॉडेलला पट्टा चालत नाही, कारण वरच्या थराखाली खालचा थर असायलाच हवा, नाहीतर तो कशावर बसणार? प्रत्येक पातळीसाठी 'या खोलीपेक्षा उथळ असलेला सगळा भाग' हवा. रास्टर (चौकटींच्या नकाशाच्या) कॅल्क्युलेटरमध्ये उंची ≥ पातळी असं दोन रंगांचं चित्र केलं आणि त्याचे बहुभुज काढले. सतरा वेळा तेच, म्हणून बॅच प्रक्रियेत टाकलं.

बारीक ठिपके काढायला सीव्ह (चाळणी), मर्यादा २० चौकटी. ५ किमीच्या २० चौकटी म्हणजे ५०० चौ. किमी, मॉडेलवर ५ चौ. मिमी. त्याहून लहान तुकडा चिमट्यातही धरवत नाही. यात मालदीवची बेटं शून्याच्या पातळीवर पूर्ण गेली (सगळी मिळून जमीन ३०० चौ. किमीच्या आसपास). रेयुनियाँ आणि मॉरिशस प्रत्येकी १,८०० चौ. किमीच्या वर, ती वाचली. गेलेली बेटं नंतर जाड रंगाच्या थेंबांनी बसवली.

रेषा दातेरी होत्या, म्हणून बहुभुज गुळगुळीत करण्याचं साधन वापरलं. इथे बराच वेळ वाया जातो, कारण दोष लगेच दिसत नाही. प्रत्येक पातळी स्वतंत्रपणे गुळगुळीत होते आणि तीव्र उतारावर वरच्या थराची कड खालच्या थराच्या बाहेर लोंबते. श्रीलंकेच्या दक्षिणेला जवळजवळ १ मिमी. उपाय: बहुभुजांना हात लावायचा नाही. मूळ उंचीच्या रास्टरवरच सौम्य गाउसियन गाळणी (शेजारच्या चौकटींची सरासरी घेऊन गुळगुळीत करणारी) चालवायची आणि मग पातळ्या कापायच्या. सगळे थर एकाच पृष्ठभागातून आले की एकही दुसऱ्याबाहेर जात नाही.

२४ जानेवारी: कापणी

लेझरला द्यायची डीएक्सएफ फाइल मीटरमध्ये निघते. ०.०००१ ने गुणलं की मिमी. एसव्हीजी फाइल वापरली, तर इंचाला ९६ की ७२ बिंदू हा घोळ होऊन सगळं ७५ किंवा १३३ टक्के आकाराचं येऊ शकतं. प्रत्येक पानावर १०० मिमीची रेषा टाका आणि पहिला तुकडा कापल्यावर ती पट्टीने मोजा.

दुसरी तपासणी जागेची. रॉड्रिग्ज तिहेरी संगम (तीन रांगा मिळतात ती जागा) २५.५° दक्षिण, ७०° पूर्वेला आहे. या प्रक्षेपणात तो मध्यबिंदूपासून १०.२ सेंमी डावीकडे आणि २२.८ सेंमी खाली यायला हवा. तिथे आला की प्रमाण, प्रक्षेपण आणि दिशा तिन्ही बरोबर.

लेझरचं टेबल ६०० × ४०० मिमी, म्हणून प्रत्येक थर चार भागांत. सगळ्या थरांचे सांधे एकाच रेषेवर ठेवले, तर मॉडेलच्या मधोमध आरपार चीर पडते, आणि ती नेमकी मध्य हिंदी रांगेजवळून जाते, जणू काही नवा भ्रंश सापडला. एकाआड एक थराचा सांधा ४० मिमीने सरकवला.

प्रत्येक थरावर त्याच्या वरच्या थराची बाह्यरेषा हलक्या शक्तीने कोरून घेतली, १ मिमी आत सरकवून, म्हणजे ती झाकली जाते. त्या रेषेच्या आत तुकड्याचा क्रमांक. हे केलं नाही, तर नैर्ऋत्य रांगेतले सुटे सागरी पर्वत कुठले कुठे बसवायचे हे कुणालाच सांगता येणार नाही. जुळवणीसाठी ३ मिमीच्या लाकडी खुंट्यांची तीन भोकं, मुद्दाम असमान अंतरावर, म्हणजे थर उलटा बसतच नाही. तिन्ही भोकं जमिनीच्या भागात.

भूखंडांच्या खालचा न दिसणारा पुठ्ठा पोकळ ठेवता येतो. वरच्या थराच्या कडेपासून १५ मिमी आत सोडून बाकी कापून काढला. वजन आणि पुठ्ठा दोन्ही वाचतं, आणि निघालेल्या तुकड्यांत वरचे छोटे थर बसतात.

लेझर नसेल, तर सुरीने १ मिमी पुठ्ठा दोन-तीन फेऱ्यांत कापला जातो, २ मिमीला पाच-सहा लागतात. अशा वेळी सीव्हची मर्यादा दुप्पट करा.

२ फेब्रुवारी: चिकटवणं

पाण्याचा गोंद ब्रशने जाड लावला की पुठ्ठा एका बाजूने ओला होऊन फुगतो आणि वाळताना बशीसारखा वर येतो. खालचे दोन थर असे गेले, उकलून पुन्हा कापावे लागले. काय उपयोगी पडलं: गोंदात पाणी अजिबात न घालता रबरी रोलरने पातळ फिल्म, सगळ्या पुठ्ठ्यांचे तंतू एकाच दिशेला, आणि एका वेळी दोनच थर लावून रात्रभर सपाट वजनाखाली. तंतूंची दिशा ओळखायला पुठ्ठा दोन्ही बाजूंनी वाकवून बघायचा. कमी जोरात वाकतो, तो तंतूंना समांतर. लेझरवर पुठ्ठा ठेवतानाच हे बघा. जागा वाचवायला तुकडे फिरवून लावले, तर तंतू आडवे-उभे होतात.

प्लायच्या पाटीच्या खालच्या बाजूलाही चपड्याचे दोन हात द्या. वर सगळा गोंद आणि खाली कोरं लाकूड असलं, की पाटीच वाकते.

१० फेब्रुवारी: उंची मोजली

व्हर्नियरने जमिनीची उंची पाटीपासून २९.३ मिमी भरली. हवी होती २८. पुठ्ठे १९ लागले होते, आणि प्रत्येक सांध्यात गोंदाची ०.०५ ते ०.१ मिमी भर पडते. १.३ मिमी म्हणजे ३२५ मीटर, एका पूर्ण पायरीपेक्षा जास्त. घासून कमी करता येत नाही. उभी मोजपट्टी कागदावरच्या प्रमाणाने न छापता प्रत्यक्ष पायऱ्यांवरून आखली, म्हणजे निदान वाचणाऱ्याला योग्य खोली मिळते. पुन्हा करायचं झालं, तर आधी दहा पुठ्ठे एकावर एक ठेवून खरी जाडी मोजायची आणि गोंदाची भर धरूनच पातळ्या ठरवायच्या.

१४ फेब्रुवारी: अक्षदरी

रांगांच्या माथ्यावरची दरी सरासरीने आणि सीव्हने पुसली गेली. इथेतिथे सुटे खड्डे उरले. कार्ल्सबर्ग रांगेत दरीचा तळ १० ते २० किमी रुंद, म्हणजे १ ते २ मिमी. हे हातानेच कोरावं लागतं. रोटरी टूलला १.५ मिमीचा बर (कोरायचं टोक) लावून ४ मिमी खोल, म्हणजे १,००० मीटर.

पण सगळ्या रांगांवर दरी कोरू नका. रांग किती वेगाने पसरते (दोन्ही बाजूंचे भूपट्ट किती वेगाने एकमेकांपासून दूर जातात), त्यावर हे ठरतं. नैर्ऋत्य रांग अतिशय मंद, वर्षाला सुमारे १४ मिमी. कार्ल्सबर्ग साधारण २५ मिमी. दोन्हींत माथ्यावर खोल दरी आहे. आग्नेय रांग ६० ते ७० मिमीने पसरते. आपल्या नकाशात येणाऱ्या भागात, अ‍ॅमस्टरडॅम आणि सेंट पॉल बेटांजवळ, अक्षावर उंचवटाच आहे. तिथे दरी दाखवली, तर ती सरळसरळ खोटी.

अक्ष नेमका कुठे, यासाठी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या) यादीतून ५ आणि त्यावरच्या तीव्रतेचे उथळ भूकंप काढून त्यांचे ठिपके कागदावर छापले आणि तो कागद मॉडेलवर ठेवून टाचणीने खुणा केल्या. भर समुद्रातल्या भूकंपाच्या जागेत १०-२० किमीची चूक सहज असते, मॉडेलवर १-२ मिमी. एकेका ठिपक्यावर विसंबू नका, रांग बघून मधली रेषा घ्या.

याच ठिपक्यांत एक अडचण निघाली. चागोसपासून सुमात्रापर्यंतच्या बेसिनमध्ये ठिपके विखुरलेले आहेत, रेषा होतच नाही. ११ एप्रिल २०१२ चा ८.६ तीव्रतेचा भूकंप गर्तेत नाही, तिच्या पश्चिमेला महासागरी भूपट्टाच्या आत झाला. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या भूपट्टांमधली सीमा इथे एक रेषा नसून रुंद पट्टा आहे. त्यामुळे तिथे रेघ ओढली नाही, फक्त विरळ तिरप्या रेषा.

१८ फेब्रुवारी: फ्रॅक्चर झोन

रांगेला आडवे छेद देणारे हे लांब चर ५ किमी सरासरीतही बऱ्यापैकी टिकतात. ५७° पूर्वेचा अटलांटिस-२ तर खोल खाच म्हणून आपोआप आला. त्याच्या पूर्व काठावरचा अटलांटिस बँक समुद्रसपाटीखाली सुमारे ७०० मीटरपर्यंत वर येतो, आणि तळ ६,००० मीटरच्या खाली. कड्यावरून गर्तेपर्यंत मॉडेलवर २ सेंमीहून जास्त उतार, फार थोड्या जागेत. इथले तुकडे सगळ्यात आधी तुटतात. वरच्या चार थरांना वाळल्यावर बाजूने पातळ सुपरग्लू पाजला.

रंगवताना काळजी: अख्खा चर 'सीमा' म्हणून लाल करायचा नाही. रांगेच्या दोन सरकलेल्या टोकांच्या मधलाच तुकडा चालू भ्रंश, तेवढाच लाल. बाहेरच्या शेपट्या एकाच भूपट्टात आहेत, त्या राखाडी. अपवाद ओवेन फ्रॅक्चर झोनचा. तो भारत आणि अरबस्तान यांच्या भूपट्टांची खरीखुरी सीमा आहे, सरकतो मात्र वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. तो लाल.

२३ फेब्रुवारी: गर्ता आणि गाळ

जावा गर्तेची कमाल खोली सुमारे ७,२०० मीटर. −६,५०० च्या थरात ती १ ते २ मिमी रुंदीच्या फटींची माळ झाली. फटी रुंद करण्याची सूचना आली, ती घेतली नाही. तळाला गडद निळा देऊन सोडलं. तिरप्या उजेडात नीट दिसते.

खरी अडचण उत्तरेला. सुमात्रापासून अंदमानकडे जाताना गर्ता मॉडेलवर हळूहळू नाहीशी होते. भूपट्ट तिथेही खाली जातोच आहे, पण बंगालच्या गाळपंख्याने ती भरली आहे. जगातला हा सगळ्यात मोठा गाळपंखा, सुमारे ३,००० किमी लांब आणि जिथे जाड आहे तिथे १६ किमीच्या आसपास. २६ डिसेंबर २००४ ला जो सुमारे १,३०० किमीचा पट्टा फुटला, तो बराचसा याच 'सपाट' भागाच्या कडेने. मॉडेलवर १३ सेंमी. नुसता उठाव पाहून कुणी म्हणेल की इथे काहीच नाही. म्हणून गर्तेची दातेरी खूण अंदमानच्या पश्चिमेने पुढे नेली, आणि जिथे गर्ता दिसत नाही तिथे ती तुटक ठेवली.

अशीच गत नव्वद पूर्व रांगेची. साधारण १०° उत्तरेच्या पुढे ती गाळाखाली गेली आहे. ८५° पूर्वेची रांग तर बंगालच्या उपसागरात पूर्णपणे गाडलेली. ती गुरुत्वाच्या नकाशावर ओळखू येते, आणि तेही वाढीने नाही, घटीने. या दोन्ही रांगांच्या पुरलेल्या भागासाठी पुठ्ठ्यात काही करता येत नाही. पांढऱ्या तुटक रेषा ओढल्या.

१ मार्च: लांबी (पुट्टी) आणि रंग

पायऱ्या भरायच्या की नाही, यावर दुमत होतं. शेवटी खंडान्त उतार आणि गर्तेच्या भिंती पातळ लांबीने भरल्या, बाकी पायऱ्या उघड्या. २५० मीटरच्या पायऱ्या मोजता येणं, हाच तर असमान पातळ्यांचा फायदा.

लेझरने जळलेल्या कडांवरून पाण्याचा प्रायमर दिला की तपकिरी डाग वर येतात, दुसऱ्या हातानंतरही. आधी चपड्याचा पातळ हात, तो वाळल्यावर प्रायमर. चपड्याने पुठ्ठा पाणी पीत नाही, त्यामुळे लांबीही फुगत नाही.

रंग खोलीप्रमाणे निळ्याच्या छटांत दिले नाहीत. खोली पायऱ्यांतून कळतेच. रंग तळाच्या जातीचे: रांगा आणि त्यांच्या बाजू गडद राखाडी, गाळपंखे आणि गाळाची मैदानं वाळूसारखी, हॉटस्पॉटच्या (भूपट्टाखालच्या एकाच जागेतून वर येणाऱ्या लाव्हाच्या) रांगा विटकरी. विटकरी रंगात चागोस-लक्षद्वीप रांग रेयुनियाँपर्यंत सलग वाचता येत नाही, मध्ये मध्य हिंदी रांग आडवी येते. तिथे सलग पट्टा ओढू नका. हॉटस्पॉट पूर्वी भारताच्या भूपट्टाखाली होता, आता रांगेच्या पलीकडे आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आहे. ती मधली फट हीच गोष्ट सांगते. दख्खनच्या लाव्हाचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं, दक्षिणेकडे वय कमी होत जातं. आकडे टाचण्यांच्या झेंड्यांवर.

६ मार्च: शेवटची तपासणी

नवा महासागरी तळ थंड होत खचतो. ७ कोटी वर्षांपर्यंत ढोबळ सूत्र चालतं: खोली = २,५०० + ३५० × √वय (मीटर, वय दहा लाख वर्षांत). २.५ कोटी वर्षांच्या तळाला ४,२५० मीटर. आग्नेय रांग एका बाजूला वर्षाला ३२ मिमी धरली, तर ही पायरी अक्षापासून ८०० किमीवर, म्हणजे ८ सेंमीवर. कार्ल्सबर्गला १२.५ मिमी धरून ३१० किमी, ३.१ सेंमी.

पट्टी लावून बघितलं. आग्नेय रांगेवर, सेंट पॉलजवळचं पठार वगळून, −४,२५० ची पायरी या अंतराच्या आसपास सापडते. कार्ल्सबर्गच्या दक्षिण बाजूला जमतं, उत्तरेला जमत नाही. तिथे सिंधूच्या गाळपंख्याने तळ वर उचलला आहे, पायरी अक्षापासून फार लांब जाते किंवा येतच नाही. तिथे पट्टी लावायची, तर आधी गाळाची जाडी वजा करावी लागेल आणि गाळाच्या भाराने खचलेलं मोजावं लागेल, ते या मॉडेलच्या आवाक्यात नाही. दोन्ही रांगांवर ८ आणि ३.१ सेंमीच्या पितळी टाचण्या ठोकल्या. कार्ल्सबर्गच्या उत्तरेला ठोकलेली नाही.